गाडीचे पोट साफ करणारी बाटली : घ्यावी की नको?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुकुंदवाडीला ताईकडे गेलो होतो. दाजी रिक्षा चालवतात. सकाळचे दहा वाजले होते, पण रिक्षा दारात उभी आणि दाजी घरात बसलेले. धंद्याच्या वेळेला रिक्षावाला घरात दिसला की काहीतरी बिनसले आहे हे न सांगता कळते. ताईने चहा दिला आणि ट्रंकेतून हिशेबाची वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

"बापू, तू बी.कॉम. झालास ना? मग एवढा हिशेब मला समजावून सांग. औषध पाजून पाजून गाडी आजारी कशी पडली?"

वहीत दर महिन्याला एक ओळ होती : "बाटली - ३०० रुपये." अशा दहा ओळी. त्याखाली दिवाळीच्या आधीची ओळ : "इंजिन धुणे - ५५० रुपये." आणि सर्वांत शेवटी : "इंजिन काम - साडेअकरा हजार. बचत गटाचे कर्ज."

झाले होते असे. दाजींच्या जुन्या रिक्षाचे अ‍ॅव्हरेज कमी झाले. एका गॅरेजवाल्याने सांगितले, "इंजिनात कार्बन धरलाय. दर महिन्याला पेट्रोलमध्ये ही बाटली टाका." दाजींनी टाकली. फरक पडेना. मग दिवाळीच्या तोंडावर त्यानेच ऑइलमध्ये दुसरे औषध ओतून इंजिन "धुऊन" दिले. आठ दिवसांत जालना रोडवर इंजिन जाम झाले. उघडून पाहिले तर ऑइल पंपाची जाळी काळ्या गाळाने गच्च भरलेली. वरपर्यंत ऑइल पोहोचलेच नव्हते. पिस्टन कोरडा घासून घासून अडकला होता.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते. नंतर दोन-तीन जुन्याजाणत्या मिस्त्र्यांना भेटलो, वाळूजला कारखान्यात असलेल्या मित्रांना विचारले, जमेल तेवढे वाचले. जे समजले ते आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहे, कारण हा प्रश्न एकट्या दाजींचा नाही.

आपले शहर चाकांवर जगते

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल दुचाकी आणि तीनचाकीवरच पेटत आली आहे. कोणी त्या बनवतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी चालवतो. २०१० साली या शहरातील काही मंडळींनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा ती बातमी देशभर गाजली. पण पहाटेच्या पाळीला चिकलठाणा-वाळूजकडे निघणारा माणूस मर्सिडीजमधून जात नाही. तो मोटारसायकलवर नाहीतर शेअर रिक्षात असतो. त्याची गाडी बंद पडली की खाडा पडतो, आणि रिक्षावाल्याची बंद पडली की चूल अडते. म्हणूनच तीनशे रुपयांची बाटली ही आपल्या घरात किरकोळ गोष्ट नाही.

दोन वाटा वेगळ्या आहेत

आपल्या शरीरात अन्ननलिका वेगळी आणि श्वासनलिका वेगळी. इंजिनातही तसेच आहे. पेट्रोलची वाट वेगळी, ऑइलची वाट वेगळी.

पेट्रोल टाकीतून फिल्टरमध्ये, तिथून कार्बोरेटर किंवा इंजेक्टरमध्ये जाते आणि हवेशी मिसळून सिलिंडरमध्ये जळते. या वाटेवर तीन ठिकाणी घाण बसते. कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या पाठीला आणि पिस्टनच्या डोक्यावर. पेट्रोल फार दिवस साचून राहिले तर त्याचा डिंकासारखा चिकट थर होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, रिक्षा महिनोन्‌महिने दारात उभ्या राहिल्या आणि पुढे सुरू करताना कितीतरी जणांना कार्बोरेटर खोलावा लागला, तो याच डिंकामुळे.

ऑइलची वाट निराळी. ऑइल इंजिनाच्या तळाशी असते. पंप ते जाळीतून ओढून वर चढवतो, आणि घासणाऱ्या सर्व भागांना वंगण मिळते. ऑइल वेळेवर बदलले नाही तर ते जळून घट्ट होते आणि तळाशी काळा गाळ साचतो.

आता लक्षात घ्या. पेट्रोलच्या टाकीत टाकलेले औषध ऑइलचा गाळ काढण्यासाठी नाही, आणि ऑइलमध्ये ओतलेले औषध इंजेक्टर साफ करत नाही. "ही बाटली सगळे इंजिन साफ करते" असे कोणी म्हणाला, तर "कोणती वाट?" एवढेच विचारा. समोरच्याला किती समजते ते तिथेच कळेल.

पेट्रोलमधील औषध : खरे किती?

पेट्रोलमध्ये टाकायचे सर्वच औषध थोतांड आहे असे मात्र नाही. भांडी घासायच्या साबणाप्रमाणे घाण सोडवणारी रसायने पेट्रोलसाठीही आहेत. त्यांपैकी पॉलिइथर अमाइन हे चांगले समजले जाते. अमेरिकेत तर १९९५ पासून विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये असे साफ ठेवणारे द्रव्य असलेच पाहिजे, असा सरकारी नियम झाला. तिथल्या मोटारचालकांच्या 'एएए' या मोठ्या संघटनेने २०१६ साली चाचणी घेतली. ज्या पेट्रोलमध्ये हे द्रव्य जास्त प्रमाणात होते त्याच्या तुलनेत साध्या पेट्रोलने इंजिनात सुमारे १९ पट जास्त थर साचला.

पण ही चाचणी नीट समजून घेतली पाहिजे. तिथे ते द्रव्य पेट्रोल कंपनीने मोजून, पहिल्या थेंबापासून मिसळलेले होते. आपल्याकडे पंपावर मिळणारी इंडियन ऑइलची एक्सपी, हिंदुस्थान पेट्रोलियमची पॉवर, भारत पेट्रोलियमची स्पीड ही महाग पेट्रोले त्याच जातीची आहेत. त्यांची जाहिरात ताकद वाढते अशी होते. परंतु ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असे नसते. ज्या इंजिनाला साधे पेट्रोल चालते त्याला जास्त ऑक्टेन देऊन काही विशेष हाती लागत नाही.

शिवाय घाण साचली आहे की नाही हे न पाहता दर महिन्याला बाटली ओतणे म्हणजे धडधाकट पोराला दर रविवारी एरंडेल पाजण्यासारखे आहे. पूर्वी आपल्या घरांत ते चालायचे. आता कोणी शहाणी आई तसे करत नाही.

बाटलीला मर्यादाही आहेत. जेट पूर्ण बंद झाला असेल तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग औषध जाणार कसे? तिथे कार्बोरेटर खोलूनच साफ करावा लागतो. काही नव्या मोटारगाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोल लागतच नाही. आणि ज्यांची रिक्षा गॅसवर चालते त्यांनी पेट्रोलच्या टाकीत औषध टाकून काय साधणार? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आणि इंधन आले. त्या इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आले. या नव्या गाड्यांच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारा भाग असतो, आणि तो महाग असतो. लोह किंवा मँगनीज असलेल्या काही स्वस्त औषधांचा थर प्लगवर आणि या भागावर बसतो. म्हणजे घाण काढायला गेलो आणि नवी घाण बसवून आलो, अशी गत!

ऑइलमधील औषध : इथे खरा धोका

दाजींचे नुकसान या दुसऱ्या औषधाने झाले. इंजिन धुण्याचे औषध म्हणजे बहुधा पातळ द्रावक. ते गाळ सुटा करते, पण सुटा झालेला गाळ जातो कुठे? सगळाच ऑइलबरोबर बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर त्याचे तुकडे जाळीत अडकतात आणि ऑइलचा रस्ता बंद होतो. जुन्या सीलभोवतीचा गाळ निघाला की तिथून ऑइल गळू लागते. ज्या इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलले आहे त्याला या धुण्याची गरज नाही. ज्याचे बदललेले नाही त्याला त्यात सर्वांत जास्त धोका आहे. मग ते घ्यायचे कोणी?

जुन्या मिस्त्र्याने मला साधा मार्ग सांगितला. गाळ झालेल्या इंजिनाला चांगले ऑइल घालून नेहमीपेक्षा निम्म्या अंतरावर दोन-तीन वेळा बदलायचे आणि जाळी काढून साफ करायची. ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारे द्रव्य कारखान्यातच मिसळलेले असते. ते हळूहळू काम करते.

ऑइलमध्ये घालायच्या औषधांच्या जाहिरातींवर तर अमेरिकेतही कारवाई झाली आहे. 'स्लिक ५०' हे तिथले फार खपणारे औषध. आमचे औषध नसेल तर गाडी सुरू होताना इंजिनाला संरक्षण मिळत नाही, अशा थाटाची त्याची जाहिरात होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली ती खोटी ठरवून आरोप ठेवले, आणि १९९७ साली कंपनीला तडजोड करून असले दावे बंद करावे लागले. शिकल्यासवरल्या देशात हे घडते, तर आपण दोन प्रश्न जास्त विचारले म्हणून बिघडले कुठे?

अ‍ॅव्हरेज घसरण्याची कारणे दुसरीही असतात

सध्या बरेच जण म्हणतात, गाडी पूर्वीसारखी अ‍ॅव्हरेज देत नाही. यामागे कार्बनच असतो असे नाही. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या बनावटीच्या दुचाकींचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ देईल. ही घट इंधनातील आहे. ती कोणतीही बाटली भरून काढू शकत नाही.

इथेनॉलचे आणखी दोन गुण ध्यानात ठेवा. ते टाकीच्या तळाची जुनी घाण सोडवून पुढे ढकलते, म्हणून जुन्या गाडीचा पेट्रोल फिल्टर आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. आणि ते पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते आणि गाडी आचके देते. तिथे टाकी रिकामी करणे हाच उपाय आहे.

दुसरे कारण भेसळ. आपल्या भागात इंधनाचे टँकर येतात ते मनमाडजवळच्या पानेवाडीहून. त्याच मनमाड परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या काळ्या धंद्यावाल्यांनी भर दिवसा जिवंत जाळले. गोरगरिबांच्या नावाने स्वस्त मिळणारे रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळून पैसा करणारी ती टोळी होती. रॉकेल पेट्रोलच्या इंजिनात नीट जळत नाही, त्याची काजळी धरते. म्हणजे गरिबाच्या रेशनचे रॉकेल चोरायचे आणि त्याच गरिबाच्या रिक्षाचे इंजिन खराब करायचे! आज रेशनचे रॉकेल जवळजवळ दिसेनासे झाले आहे. तरीही इंधन तपासून घेण्याची सवय सोडू नये. एका प्रामाणिक अधिकाऱ्याने ज्यासाठी जीव गमावला, त्यासाठी आपण पंपावर दोन मिनिटे थांबू शकत नाही का?

पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत तो उडून गेला पाहिजे. गडद डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. घनता तपासून मागता येते, आणि माप कमी वाटले तर पाच लिटरच्या शासकीय शिक्क्याच्या मापाने मोजून मागता येते. यासाठी पैसे पडत नाहीत.

आता हिशेब

ताईला दिलेला हिशेब इथे मांडतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू.

रिक्षा महिन्याला २५०० किलोमीटर चालते आणि २५ चे अ‍ॅव्हरेज देते. पेट्रोल लागले १०० लिटर, खर्च १०,५०० रुपये. बाटली ३०० रुपयांची. ती फुकटात पडायची तर अ‍ॅव्हरेज २५ वरून जवळपास पावणेसव्वीस व्हायला हवे, आणि तेही दर महिन्याला.

मोटारसायकल महिन्याला ७५० किलोमीटर चालते आणि ५० देते. पेट्रोल लागले १५ लिटर, खर्च १,५७५ रुपये. इथे ३०० रुपयांची बाटली फुकटात पडायला अ‍ॅव्हरेज ५० वरून जवळजवळ ६२ व्हायला हवे! कंपनीतून नवी कोरी आणली तेव्हा तरी गाडीने ६२ दिले होते का, ते आठवून पाहा.

वर्षाच्या बारा बाटल्यांचे ३,६०० रुपये होतात. ताईच्या वहीत ऑइल बदलण्याचा खर्च एका वेळी साडेचारशे लिहिला आहे. म्हणजे तेवढ्यात आठ वेळा ऑइल बदलून होते. दाजींनी दहा बाटल्या घेतल्या, पण त्या वर्षात ऑइल मात्र दोनदाच बदलले. "आता औषध चालू आहे, ऑइल थोडे पुढे ढकलू," असे ते म्हणाले होते. ताईच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. बाटलीच्या भरवशावर खरे पथ्य सुटले, आणि त्या गाळाने शेवटी इंजिन धरले.

मग काय करावे?

१. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका जपून ठेवा. त्यात सांगितलेल्या दर्जाचे ऑइल, सांगितलेल्या अंतरावर बदला. एअर फिल्टर, प्लग, चाकातील हवा आणि क्लच आधी पाहा. अ‍ॅव्हरेजचे बहुतेक दुखणे इथेच सापडते.

२. एवढे करूनही इंजेक्टरची गाडी बंद सिग्नलला थरथरत असेल, उचल कमी असेल, तर पेट्रोलमधील औषध एकदा वापरून पाहायला हरकत नाही. वेष्टनावर पॉलिइथर अमाइन असल्याचे पाहा, टाकीच्या मापानेच टाका. फरक पडला तर ठीक. नाही पडला तर दुसरी बाटली घेऊ नका, बिघाड शोधा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्रात आधी विचारा.

३. जुन्या, गाळ झालेल्या इंजिनात धुण्याचे औषध ओतू देऊ नका.

४. फरक मोजायचा तर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरा. बाटलीच्या आधी तीन टाक्या आणि नंतर तीन टाक्या, एकाच पंपावर. एका फेरीवरून "मस्त पळतेय" म्हणू नका. तीनशे रुपये खर्च केले की गाडी आपोआप हलकी वाटते!

५. सर्व्हिसिंगला देताना आधी खर्च लिहून घ्या. "कार्बन साफ", "इंजिन धुणे" अशी न विचारता केलेली कामे बिलात दिसली तर कशासाठी केली ते विचारा, बदललेले भाग परत मागा. पक्के बिल घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तक्रारीची फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण कागद पाहिजे. दाजींकडे एकाही बाटलीचे बिल नव्हते, म्हणून आम्हाला गप्प बसावे लागले.

बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत. रिक्षा मात्र पुन्हा रस्त्यावर आली आहे. भाची यंदा कॉमर्सला गेली आहे. तिने वहीत आता वेगळे पान पाडले आहे. एका बाजूला किलोमीटर, दुसऱ्या बाजूला पेट्रोल, आणि वर लाल शाईने पुढच्या ऑइलचा आकडा. तो आकडा जवळ आला की ती आठ दिवस आधीपासून बापाच्या मागे लागते. दाजी कुरकुर करतात, पण ऑइल बदलतात.

ज्यांच्या घरी रिक्षा किंवा मोटारसायकल आहे त्यांनी असे एक पान आजच पाडावे. घरातील कोणाही शाळकरी मुला-मुलीला ते काम जमेल.